मायेचा डाव

मास्तर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फळा आणि छडी उभी राहते. आपले मास्तर त्यातले नव्हेत. हे कपडे बेतणारे मास्तर. दुकानातल्या लांबलचक टेबलापाशी उभं राहायचं, गिऱ्हाइकाच्या मापावरून कापडावर खडूनं रेघा ओढायच्या आणि कात्री चालवायची, एवढंच त्यांचं काम. शिवणारे वेगळे, काजं करणारे वेगळे. पण दुकानाचा सगळा जीव त्या एका कात्रीत. शिवण चुकली तर उसवता येते. कापलेलं कापड मात्र कुठल्याही देवाला साकडं घातलं तरी पुन्हा अखंड होत नाही.

असं काम करणारा माणूस जपूनच वागणार. पण मास्तरांचं जपून वागणं म्हणजे घरातून निघताना कुलूप ओढून बघायचं, चार पावलं जाऊन परत येऊन ओढायचं, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर बायकोला विचारायचं की मघाशी ओढलं ते आपलंच कुलूप होतं ना. गल्लीनं या भित्रेपणावर पोटभर हसून घेतलं होतं. मास्तरांच्या बायकोचाही त्यात वाटा असे. आमचे हे झोपेत कूस बदलतानासुद्धा मागे गाडी येतेय का बघतात, असं ती नळावर सांगायची.

मात्र गेल्या वर्षभरात मास्तरांच्या पोटात जी भीती येऊन बसली होती तिच्यावर कोणी हसलं नाही, कारण तिचा कोणाला पत्ताच नव्हता. मास्तरांना कडेचं दिसेनासं झालं होतं.

समोरचं लख्ख दिसायचं. सुईच्या नेढ्यात पहिल्या फटक्यात दोरा जायचा. मापाच्या पट्टीवरची बारीकशी रेघसुद्धा चुकत नव्हती. पण बाजूनं येणारी माणसं यायची बंद झाली, ती एकदम उगवायला लागली. रस्त्यानं जाताना उजवीकडे काही नाही, काही नाही, आणि अचानक एक हातगाडी पोटाला लागलेली, वर हातगाडीवाल्याची बोलणी. दाराच्या चौकटी खांद्यावर येऊन आदळायच्या. एकदा कपाळावर टेंगूळ आलं, तेव्हा बायकोला सांगितलं की दुकानातल्या फळीनं दगा दिला. संध्याकाळी दिवा लागला की त्याभोवती रंगीत कडं दिसायचं. मास्तर डोळे चोळायचे. कडं जायचं नाही. मग ते डोळे मिटून बसायचे आणि बायकोला सांगायचे की दमलो जरा.

हे काय आहे हे मास्तरांना डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते घरात पाहिलं होतं.

त्यांचे वडीलही शिंपी. त्यांना काचबिंदू झाला होता. कडेकडेनं अंधार आत सरकत सरकत आला आणि मधोमध दिसणारं भोक लहान लहान होत गेलं. एका दुपारी वडील मशीनवर एक लांब शिवण घालत होते. पाय झपाझप चालत होता, कापड सरकत होतं, आणि सुईत दोरा नव्हता. कधी निसटला कोण जाणे. कापडावर नुसती भोकांची ओळ उमटत होती, आणि वडील शिवताहेत, मधूनच शीळ घालताहेत. दारात उभ्या राहिलेल्या मास्तरांच्या आईनं तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. वडिलांनी शिवण पूर्ण केली, झटकली, घडी घातली. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

मास्तरांची भीती आंधळं होण्याची होतीच, पण तिच्या पोटात दुसरी होती. आपणही एखाद्या दिवशी दोऱ्याशिवाय शिवत बसू, आजूबाजूचे तोंडावर बोट ठेवून बघत राहतील, आणि आपल्याला कळणारही नाही. दुकानात कोणी एकदम बोलायचं थांबलं की मास्तरांच्या काळजात धस्स व्हायचं. बघितलं वाटतं यांनी.

बरं, डॉक्टरकडे जावं, तर गेलं की दुखण्याला नाव पडणार. नाव पडलं की हातातली कात्री जाणार. आणि कात्रीपेक्षाही मोठा धसका होता तो व्याह्यांचा.

व्याही, म्हणजे मास्तरांच्या लेकीचे सासरे, यांनी जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली. गाडीत चढल्यावर नुसती मान फिरवून कोण फुकट बसलंय ते ओळखायचे, अशी त्यांची ख्याती होती. निदान त्यांनी स्वतः ती तशी पसरवली होती. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो, हे ते कोणालाही, न विचारता ऐकवत. बायको गेली, नोकरी संपली, आणि रविवार खायला उठू लागला, तेव्हा ते मास्तरांकडे बुद्धिबळ खेळायला यायला लागले. पाहुण्याला पांढरी मोहरी द्यायची, हे पहिल्याच खेपेला ठरलं. पाहुणा दर रविवारी पाहुणाच राहिला, त्यामुळे मास्तरांच्या वाट्याला कायमची काळी आली.

तर या माणसासमोर मास्तर दर रविवारी विनातिकीट बसत होते. लेकीचं लग्न जुळवताना वडिलांच्या डोळ्यांबद्दल मास्तरांनी अवाक्षर काढलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, ही एक पळवाट होती. पण काचबिंदू घराण्यात चालतो हे मास्तरांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून गप्प बसले होते, हेही त्यांना ठाऊक होतं. आता स्वतःचा डोळा गेला तर व्याही सरळ हिशेब मांडणार: बापाला होता, पोराला झाला, मग आमच्या सुनेचं काय? आणि हे आम्हाला लग्नाआधी का नाही सांगितलं? पुढचं मास्तरांना सुचायचंच नाही. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा.

अशातच एका रविवारी पटावर घोटाळा झाला. मास्तरांचा जुना खेळ धसमुसळा. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की यांनीही आपलं दोन घरं टाकायचं, मधोमध कपाळाला कपाळ भिडवायचं, आणि मग पटभर मारामारी. त्या दिवशी रंग भरला होता. मास्तर जोरात होते. तेवढ्यात व्याह्यांचा उंट समोरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका सुटला आणि मास्तरांच्या उजव्या हाताचा हत्ती घेऊन गेला. उंट तिथं केव्हाचा बसला होता. मास्तरांच्या लेखी तिथं कोणी नव्हतंच.

व्याही म्हणाले, लक्ष कुठं आहे मास्तर, एवढा मोठा उंट बसलाय. हसत म्हणाले. पण हसता हसता त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यानं मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते घाईघाईनं खिडकीबाहेर बघू लागले. मग व्याह्यांचं ते खिडकीचं वाक्य आठवलं आणि त्याच घाईनं परत पटाकडे बघू लागले.

खेळणं सोडावं तर व्याही विचारणार, काय बिनसलं. खेळावं तर पुन्हा असा उंट. मग मास्तरांनी ठरवलं की खेळायचं, पण खेळ बदलायचा. काळ्यानं बचाव कसा करावा हे मोबाइलवर शिकवणारा एक उत्साही माणूस त्यांनी शोधून काढला आणि आठवडाभर दुपारच्या सुट्टीत, कापडांच्या ताग्यांमागे बसून, त्याची शिकवणी घेतली. गिऱ्हाईक कापड निवडतं तसे त्यांनी बचाव हाताळून पाहिले. एकात वजिराच्या बाजूचं प्यादं पुढे टाकून दोन्ही अंगांनी तलवारी चालवायच्या होत्या. नको, दोन्ही अंगं बघायला डोळे कुठले आणायचे? दुसऱ्यात प्याद्यांची भिंत भक्कम होती, पण आपलाच एक उंट त्या भिंतीआड कोंडला जायचा. कोंडलं जाण्याची कल्पनाच त्यांना सोसेना. मग तिसरा सापडला.

हा बचाव लवचिक आहे, असं तो शिकवणारा सारखा म्हणायचा. पांढऱ्याला मधली घरं खुशाल घेऊ द्या. आपण प्यादी एकेक घरच सरकवायची. डाव्या हाताचा उंट कोपऱ्यालगतच्या घरात बसवायचा, राजाला त्याच्यामागे किल्ल्यात घालायचं. कुठून फोडायचं ते आत्ता ठरवायचंच नाही. समोरचा काय करतो ते बघून ठरवायचं. पुढे तो असंही सांगायचा की फोडायची वेळ आली की मात्र फोडावंच लागतं, नाहीतर जागेअभावी जीव गुदमरतो. मास्तरांनी तेवढा भाग कानाआड केला. त्यांना भावलं ते वेगळंच. या डावात आपली सगळी मोहरी आपल्या जवळ, आपल्या बाजूला, दिसतील अशी राहतात. लांबच्या कोपऱ्यात जायलाच नको.

लवचिक म्हणून निवडलेला नव्हता हो तो डाव. तो डोळ्यांच्या मापाचा शिवलेला होता.

पुढच्या रविवारी मास्तरांनी तो मांडला आणि व्याही चक्रावले. धावून जावं तर समोर कोणी धावून येत नाही. दार ढकलावं तर आत दुसरं दार. कंटाळून त्यांनी विचारलं, "हा कसला भित्रा डाव काढलात?"

मास्तरांची बोबडीच वळायची. पण तीस वर्षं गिऱ्हाइकांना थोपवत आलेली जीभ, तिनं वेळेवर साथ दिली.

"भित्रा नाही, व्याही. मायेचा डाव आहे हा."

आणि मग त्यांनी समजावलं. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. बाहेरून दिसत नाही. पण उद्या माणूस अंगानं भरला, तर तीच माया उसवून कपडा सैल करता येतो. जो शिंपी रेघेवर कापतो त्याचा कपडा आजच्या माणसाला बसतो. जो माया सोडून कापतो, त्याचा उद्याच्यालाही बसतो. तसाच हा डाव. सगळं आजच कापून टाकायचं नाही.

बोलताना मास्तरांना स्वतःलाच वाटलं, काय बोलतोय आपण, झकास बोलतोय. व्याही तर अवाकच झाले. इतकं खोल त्यांना जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. बसमध्ये सांगणार तरी कोण. त्यांनी ते डोक्यावर घेतलं. न्हाव्याला सांगितलं, डेपोतल्या जुन्या सोबत्यांना सांगितलं. मुलगा आणि सून कशावरून तरी भांडत होते, तर मध्ये जाऊन म्हणाले की जरा माया सोडून बोला. आमचे व्याही म्हणजे साधा माणूस समजू नका, असं चारचौघांत बोलू लागले. मास्तरांचं नाव झालं, आणि मास्तरांची झोप उडाली. आधी नुसतं लपवायचं होतं. आता त्या लपवण्याला हार घातला गेला होता, आणि हार घातलेल्या गोष्टीकडे लोक निरखून बघतात.

दुकानातही मास्तर मायेचाच डाव खेळत होते. रेघेच्या जवळ कात्री न्यायची भीती वाटायची, म्हणून लांबून कापायचे. शिवणारे कुरकुरायला लागले की हल्ली मास्तर शिवणीत उशा भरतात की काय. एकदा राखाडी पँटचं कापड कापताना बाजूला सरकलेली एक घडी कात्रीच्या तोंडात आली. कात्रीचा आवाज बदलला. एका पदराचा आवाज वेगळा, दोन पदरांचा वेगळा. तो कान मास्तरांना होता. हात जागच्या जागी गोठला. कड उचलून बघितली, तर बोटभर चीर. नशीब, ती शिवणीच्या आत जाणार होती. सोडलेल्या मायेनं वाचवलं. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, म्हणजे मान सगळीकडे वळवून पाहिलं, कारण नुसत्या नजरेचा भरवसा उरला नव्हता. कोणी बघत नव्हतं. किंवा बघत होतं आणि तोंडावर बोट होतं. यातलं काय, हे कळायला मार्ग नव्हता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात व्याही काखेत एक गाठोडं घेऊन आले.

आत कोटाचं कापड होतं. गडद निळं, जवळजवळ काळंच, हाताला उबदार. व्याह्यांच्या बायकोनं ते हौसेनं घेऊन ठेवलं होतं. तुम्ही नोकरीतून सुटलात की खाकीशिवाय काहीतरी शिवू तुम्हाला, म्हणायची. नोकरी सुटेपर्यंत ती राहिली नाही. इतकी वर्षं ते पेटीत पडून होतं. एकाच कोटाचं होतं, आणि तसलं कापड आता निघत नाही. कोणाकडे द्यायचा धीर होत नव्हता, व्याही म्हणाले. पण ज्या माणसाला माया कळते, त्याच्याकडे द्यायला हरकत नाही.

मास्तरांनी कापडावर हात ठेवला आणि हसायचा प्रयत्न केला. गडद कापड, त्यात घडी, आणि बाजूचं दिसत नाही. जिवावर बेतणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी नेमकं कळलं.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. कापड आधी पाण्यातून काढायला हवं, नाहीतर मागून आटेल. काढलं. मग ते सावलीत मुरू द्यायला हवं. मुरलं. अस्तराचा रंग मनासारखा मिळत नाही. मिळाला. हल्ली हवा दमट आहे, अशा हवेत लोकरी कापड हाताला नीट लागत नाही. व्याही मान डोलवायचे. त्यांना वाटायचं, केवढी काळजी घेतो हा माणूस. मास्तरांची बायको चहाचे कप उचलताना एकदाच म्हणाली, कापणार आहात ना ते, की वर्गणी काढून त्याला पेन्शन लावायची? मास्तर तिच्यावर ओरडले. ते कधी ओरडत नसत. ती कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

ज्या रविवारची ही गोष्ट आहे, त्या रविवारी बहाणे संपले होते. हवा कोरडी होती, अस्तर आलं होतं. आज डाव झाला की तुमच्यासमोर खडू तरी लावतो, असं मास्तरांच्याच तोंडून निघून गेलं होतं. कापड पलंगावर उलगडून ठेवलं होतं. खेळताना त्यांना ते दिसत नव्हतं, पण पाठीमागे कोणीतरी उभं असावं तसं ते मानेला जाणवत होतं.

डाव नेहमीसारखा सुरू झाला. प्यादी एकेक घर. उंट कोपऱ्यालगत. राजा किल्ल्यात. मधे दोघांची दोन-दोन प्यादी कटली आणि पट जरा मोकळा झाला. मास्तरांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एरवी ते मान हळूहळू फिरवून पटाची एकेक कड पुसून काढल्यासारखी बघायचे. आज विसरले. त्यांनी एक प्यादं सरकवलं. व्याह्यांनी काहीतरी केलं. मास्तरांनी घोडा मागे घेतला. व्याह्यांनी विचार न करताच कडेचं एक प्यादं हलवलं. मास्तरांनी आपलंही हलवलं.

आणि मग व्याह्यांनी काही केलंच नाही. नुसते बसून राहिले. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. मास्तरांना ती शांतता ओळखीची वाटली. लहानपणापासून ओळखीची.

"मास्तर," व्याही म्हणाले, "माझा वजीर कुठं आहे?"

मास्तरांनी पटाकडे पाहिलं. मधे वजीर नव्हता. त्यांनी मान डावीकडे नेली, मग उजवीकडे, आणि समोरच्या उजव्या कोपऱ्यापाशी तो उभा सापडला. मास्तरांच्या स्वतःच्या उंटाच्या तिरक्या वाटेवर, मधे आडकाठी नाही, पाठीशी आधार नाही. नुसता हात लांब करून उचलायचा.

"केव्हापासून आहे तिथं?"

"मघापासून. चुकून गेला हो माझ्याकडून. म्हटलं, आता घेतील. तुम्ही घेतला नाही. वाटलं, व्याही म्हणून दया करताय. मग वाटलं, सापळा आहे, मायेचा काहीतरी. मी तिथंच राहू दिला. पुन्हा नाही घेतलात. मग मी पटाकडे बघायचं सोडलं आणि तुमच्या डोळ्यांकडे बघितलं." व्याह्यांचा आवाज खाली आला. "तुम्हाला तो दिसतच नव्हता."

मास्तरांकडे अजून एखादी थाप होती. दमलो, झोप नाही, चष्मा बदलायचाय. ती ओठांपर्यंत आलीही. पण समोरचा माणूस तोंडावर बोट ठेवून बसला नव्हता, तो विचारत होता. एवढ्या एका गोष्टीनं ते बोलायला लागले. हातगाडी, चौकट, दिव्याभोवतीचं कडं. वडील. काचबिंदू. लग्नाच्या वेळी गप्प बसलो तेही. हे शेवटचं बोलताना त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं नाही, आपल्या राजाकडे पाहिलं.

मास्तरांना वाटलं, आता व्याही उठतील, कापड गुंडाळतील आणि जातील. मग घरी जाऊन सुनेला काय बोलतील?

"सुनेचे डोळे कधी तपासलेत?" व्याह्यांनी विचारलं.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. इतके दिवस त्यांना भीती होती ती व्याह्यांच्या या प्रश्नाची. आता प्रश्न येऊन गेला, तेव्हा कळलं की भीती वाटायला हवी होती ती उत्तराची. लेकीला काय बोल लागेल याचा विचार त्यांनी हजारदा केला होता. तिला दिसतंय का, हा विचार एकदाही धड शेवटपर्यंत केला नव्हता.

"मला ठाऊक होतं," दारातून आवाज आला. बायको ओले हात पदराला पुसत उभी होती. "स्टूल मी उगाच भिंतीला लावून ठेवते होय? कपाटाची दारं उगाच मिटत फिरते?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात? मला वाटायचं, मी बोलले की ते खरंच होऊन बसेल."

मास्तरांना राग यायला हवा होता. त्यांची आई अशीच दारात उभी असायची. पण ही थरथरत होती, आणि आईसुद्धा तेव्हा थरथरत असेल हे त्यांच्या पहिल्यांदाच मनात आलं.

राग आला तो व्याह्यांना. तोही भलत्याच गोष्टीचा. लग्नाच्या वेळचं आपण मागाहून बघू, ते म्हणाले, पण इतके महिने मी तुमची ती माया डेपोभर सांगत फिरलो, त्याचं काय? "आणि मला एक सांगा, माया सोडतात ती कधीतरी उसवायची म्हणूनच ना? तुम्ही नुसती सोडतच बसलात."

एवढं बोलेपर्यंत व्याह्यांनी मोबाइल काढून सुनेला फोनही लावला होता, आणि घाबरू नकोस असं इतक्या घाबऱ्या आवाजात सांगितलं की ती पोर चप्पल उलटसुलट घालूनच पळत आली.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं. अर्ध्या भोपळ्यासारख्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायचं, समोरच्या ठिपक्याकडे टक लावायची. कडेला इथंतिथं बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. आधी मास्तर बसले. टक. टक. मग काहीच नाही. त्यांना कळत होतं की या क्षणाला दिवे लागताहेत आणि आपल्याला दिसत नाहीत. बटणावरचा अंगठा नुसता वाट बघत होता. एवढा लांब काळोख त्यांनी दिवसाढवळ्या कधी पाहिला नव्हता. दोनदा त्यांनी बटण खोटंच दाबलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि अंगठा उचलून धरला.

नंतर लेक आत गेली. मास्तर, बायको आणि व्याही बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं आणि बटणाचा आवाज बाहेर येत होता. टक. टक. टक. मास्तर श्वास रोखून ऐकत होते. मधेच आवाज थांबला. व्याह्यांनी मास्तरांचं मनगट धरलं, की मास्तरांनी व्याह्यांचं, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही. आत खुर्ची करकरली. मग लेकीचा आवाज आला, सॉरी, शिंक आली. आणि पुन्हा टक. टक. टक. मास्तरांच्या बायकोनं देवाचं नाव घ्यावं तसं शिंकेचं नाव घेतलं.

लेकीचे डोळे स्वच्छ निघाले. दरवर्षी दाखवत जा, एवढं सांगितलं. मास्तरांचा काचबिंदूच होता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून धरून ठेवू, पण थेंब चुकवायचे नाहीत. आधी आला असतात तर जास्त उरलं असतं. कात्री चालवू का, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, समोरचं अजून चांगलं आहे. मान वळवून, कड बघून, सावकाश. एकटे असताना नको.

दुकानाच्या मालकांना मास्तरांनी स्वतःच जाऊन सांगितलं. जाताना वाटेत दोनदा परत फिरले होते म्हणतात. मालकांनी ऐकून घेतलं, थोडं पाणी मागवलं, आणि सुटांचं काम दुसऱ्याकडे दिलं. सदरे मास्तरांकडे ठेवले, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा करून. मास्तर त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. बायकोनं हाक मारली नाही.

कोटाच्या कापडाचं मास्तर स्वतःच म्हणाले की आमच्या दुकानात नवा कटर आलाय, तरुण आहे, हात चांगला आहे, त्याला द्या. व्याही ऐकेनात. मास्तर म्हणाले, अहो, खराब झालं तर? व्याही म्हणाले, तर होईल. पण म्हणताना त्यांनी कापडाची कड मुठीतून सोडली नाही.

रविवारी सकाळी खिडकीपाशी मोठं टेबल ओढलं. ते निळं कापड पसरलं. मास्तरांनी खडूनं रेघा ओढल्या. बाहीला, पाठीला, जिथं जेवढी हवी तेवढीच माया, उशा नाहीत. एका कडेला बायको उभी राहिली, दुसऱ्या कडेला व्याही. घडी सरकताना दिसली की नुसतं 'हं' म्हणायचं, असं ठरलं. व्याही मास्तरांनी कात्री उचलायच्या आधीच दोनदा 'हं' म्हणाले. मास्तरांच्या बायकोनं त्यांना सांगितलं की व्याहीबुवा, गाडी अजून सुटली नाही.

मास्तरांनी मान डावीकडे वळवली, कड बघितली. उजवीकडे वळवली, कड बघितली. छाती धडधडत होती आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. बायकोची बोटं कापडावर घट्ट रोवलेली होती. मास्तरांनी कात्रीचं तोंड रेघेवर टेकवलं आणि एकदा व्याह्यांकडे पाहिलं.

व्याह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"अहो, उघडा," मास्तर म्हणाले. "तुमच्या डोळ्यांनीच कापायचंय."

व्याह्यांनी एक उघडला.